सभागृहाबाहेरचा आमदार

विधानसभेच्या जुन्या सदस्यांवर लिहायला बसलेला माणूस आधी कार्यवृत्ते काढतो. कोण किती वेळा बोलला, कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर सूचना मांडली, मंत्रिमंडळात वर्णी लागली की नाही, यावर त्या सदस्याचे माप ठरते. गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीतले ते काँग्रेसचे आमदार. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते; वेगळा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. पण जिल्ह्यात त्यांचे नाव निघते ते महाविद्यालयाच्या, नगरपालिकेच्या किंवा धरणाच्या संदर्भात. आमदारकीचा उल्लेख आला तर ओघात येतो. मला वाटते, लोकांनी केलेली ही वर्गवारी अभ्यासकांच्या वर्गवारीपेक्षा अधिक खरी आहे. त्या पिढीतल्या आमदाराचे बळ सभागृहात तयार होत नव्हते. ते गावात, पेढीवर, नगरपालिकेत आणि शाळेच्या मंडळात तयार होई, आणि सभागृहात फक्त वापरले जाई. म्हणून त्याच्या कामाचा हिशेब सभागृहाबाहेर मांडला पाहिजे. जमेची बाजू तिथे सापडते आणि नावेचीही तिथेच.

मनोहरभाईंचा जन्म 9 फेब्रुवारी 1906 रोजी गुजरातेत नडियादला झाला. शिक्षण जेमतेम. पोटासाठी ते गोंदियाला आले आणि विडीच्या धंद्यात शिरले. नडियादचा मुलगा आठशे-नऊशे किलोमीटर दूर, धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात का यावा, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात पडला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला आणि रुंद झाला. त्याच रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे अरुंद मार्ग नेला, दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे फाटा काढला. एक बारीकसे खेडे चार दिशांचे जंक्शन बनले. जिल्ह्याचे ठाणे असलेले भंडारा मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिले. त्याचे स्टेशन वरठीला, शहरापासून अंतरावर आहे, आणि आजही त्याचे नाव भंडारा रोड असेच आहे. कचेऱ्या, वकील आणि पितळी भांड्यांचे कारागीर भंडाऱ्यात. धान, लाकूड, तेंदूपत्ता आणि पैसा गोंदियात, अशी जिल्ह्याची वाटणी रेल्वेने करून टाकली. पुढच्या राजकारणात गोंदियाचे पारडे का जड राहिले, हे समजायला एवढे पुरेसे आहे.

विडीचा धंदा याच रुळांवरून आला. गुजरातेत 1899-1900 चा, संवत 1956 म्हणून ‘छप्पनिया’ म्हटला जाणारा भीषण दुष्काळ पडला, आणि तिथली अनेक कुटुंबे मध्य प्रांतात उतरली. जबलपूरला विडीचे कारखाने सुरू झाले ते याच सुमारास. तंबाखू गुजरातेत पिके, पान मात्र सातपुड्यापासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंतच्या जंगलात मिळे. आधी दुसऱ्या झाडांची पाने वापरून पाहिली गेली होती. तेंदूचे पान लवचिक, टिकाऊ आणि स्वस्त ठरले. भंडारा जिल्ह्यात हे पान घराशेजारच्या जंगलात होते, आणि वळणारे हातही होते. धानाचा हंगाम संपला की शेतमजुराच्या घरात काम नसे. उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर पान तोडून द्यायचे, उरलेले वर्ष सट्टेदाराकडून, म्हणजे पेढीच्या मध्यस्थाकडून, पान, जर्दा आणि दोरा घेऊन घरी विडी वळायची, असा वर्षाचा फेरा हजारो घरांत बसला. यात स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. मनोहरभाई या धंद्यात नोकरीपासून सुरुवात करून मालक झाले, आणि छोटाभाई जेठाभाई पटेल ही पेढी त्यांच्या कुटुंबाची ओळख बनली. पेढीचे जाळे गावोगाव पसरलेले. कोणत्या गावात कोण सट्टेदार, कोणता पाटील कोणाच्या शब्दाला मान देतो, कोठे रस्ता पावसात बंद होतो, ही माहिती पक्षाच्या कार्यालयात नसे एवढी विडीच्या दुकानात असे. निवडणुकीच्या राजकारणाला लागणारी ही शिदोरी आधीच बांधून तयार होती.

तरीही पेढीतून कोणी सरळ विधानसभेत गेला नाही. मधली पायरी नगरपालिकेची होती. गोंदियाची नगरपालिका 1920 च्या सुमाराची, आणि तिचे अध्यक्षपद मनोहरभाईंनी दीर्घकाळ सांभाळले. आज नगराध्यक्षपद म्हणजे आमदारकीची तयारी समजले जाते. त्या काळात त्याचे वजन वेगळे होते. इंग्रजांच्या राजवटीत प्रांताचे कायदेमंडळ हे मर्यादित मताधिकाराचे आणि मर्यादित अधिकारांचे होते, पण नगरपालिकेकडे खरा पैसा आणि खरे काम होते: जकात, पाणी, गटारे, दिवाबत्ती, बाजार, प्राथमिक शाळा. जंक्शनच्या गावात जकातीचे उत्पन्न चांगले, आणि दर ठरवताना व्यापाऱ्याशीच भांडावे लागे. स्वतः व्यापारी असलेल्या अध्यक्षाला हे भांडण आपल्याच बिरादरीशी करावे लागते. नगरपालिकेत खर्चाला मंजुरी मिळवणे, विरोधकाला समितीत घेणे, जिल्हाधिकाऱ्याशी पत्रव्यवहार करणे, अनुदानाची फाईल पुढे सरकवणे, हे सगळे शिकायला मिळे, आणि कोणताही मतदार उठून अध्यक्षाच्या ओट्यावर तक्रार घेऊन येऊ शके. मनोहरभाईंचे पुढचे सारे काम या शाळेची छाप दाखवते. वक्तृत्वापेक्षा व्यवस्था लावण्यावर त्यांचा भर होता.

आमदार म्हणून त्या पिढीला जी जमीन मिळाली ती पायाखालून सरकत होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याचे प्रतिनिधी निवडून गेले ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. सभागृहात हिंदी भाषकांचे बहुमत. 1953 च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला, 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ थेट द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. काल एकाच प्रांतातले शेजारी असलेले दोन जिल्हे आज दोन राज्यांत, आणि मधून वाघ नदी वाहते. 1 मे 1960 ला आणखी एक नवे राज्य. म्हणजे आठ वर्षांत भंडाऱ्याच्या मतदाराने तीन राज्यांचा कारभार पाहिला. स्थानिक स्वराज्याचेही तसेच. मध्य प्रांत-वऱ्हाडने 1948 चा कायदा करून तहसीलवार जनपद सभा आणल्या. भंडारा, गोंदिया आणि साकोली या तेव्हाच्या तीन तहसिली. ही घडी बसते न बसते तोच 1961 चा जिल्हा परिषदांचा कायदा आला आणि 1 मे 1962 पासून नवी रचना लागू झाली. नागपूरच्या सचिवालयात ज्याच्या ओळखी होत्या त्याला मुंबईत पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. अशा उलथापालथीत ज्याचे बळ केवळ सभागृहात होते तो वाहून गेला. ज्याचे बळ गावात होते तो टिकला. कार्यवृत्तावरून आमदाराची पारख करणाऱ्यांनी हे तरी विचारात घ्यावे की, विदर्भाच्या आमदाराची कार्यवृत्तेच दोन राजधान्यांत विभागली आहेत.

मनोहरभाईंच्या नावावर जमा असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 1958 मध्ये स्थापन झालेली गोंदिया शिक्षण संस्था. ही तारीख बोलकी आहे. विदर्भ मुंबई राज्यात येऊन दोन वर्षे झाली होती. पश्चिम महाराष्ट्रात तोवर शिक्षणसंस्थांची परंपरा होती. रयत शिक्षण संस्था 1919 ची. पूर्व विदर्भात, विशेषतः झाडीपट्टीत, माध्यमिक शाळा म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन राहणे. साकोली, देवरी, सालेकसा, अर्जुनी या भागातल्या मुलाला चौथी-सातवीनंतर पुढचा वर्ग शोधायला घर सोडावे लागे, आणि मुलीला तर तेवढ्यावरच थांबावे लागे. संस्थेने थोड्या काळात जिल्हाभर शाळा उघडल्या आणि महाविद्यालये काढली. गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, तिथलेच नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय, साकोलीचे एम. बी. पटेल महाविद्यालय, तिरोड्याचे सी. जे. पटेल महाविद्यालय. ही नावे नीट वाचली तर जिल्ह्यातल्या पैशाचा नकाशा समोर येतो. मनोहरभाईंनी स्वतःचा पैसा घातला, पण त्याहून अवघड गोष्ट केली: दुसऱ्या धनिक घराण्यांना पैसा घालायला लावला आणि इमारतीवर त्यांची नावे लावू दिली. नगरपालिकेतल्या वर्गणीचे आणि समितीचे तंत्र इथे कामी आलेले दिसते. आमदारकीचा उपयोग काय झाला? अनुदान, मान्यता, जमीन आणि नागपूर विद्यापीठाची संलग्नता, या प्रत्येक दाराशी आमदाराचा शब्द चालतो. सभागृहातले पद हे इथे किल्ली होते. कुलूप मात्र गावातल्या माणसांनी घडवले होते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, हे सारे दातृत्व विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीतून कापलेले आहे. विडीचा धंदा ज्याने पाहिला आहे त्याला हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. हजार विड्यांवर मजुरी, तीही सट्टेदाराच्या हातून. विड्या मोजून घेताना ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडीत, आणि अनेकदा त्या विड्या मात्र मालकाकडे जमा. कारखान्याचा कायदा घरात बसून काम करणाऱ्याला लागू होत नसे, म्हणून घरकामाची पद्धत मालकाला सोयीची. सट्टेदार मधे असल्याने मजूर आमचा नाहीच, असे म्हणायलाही पेढी मोकळी. तेव्हा शाळेची प्रत्येक वीट मजुरीच्या खात्यातून आली, असे कोणी म्हटले तर मी ते नाकारत नाही. फक्त त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवतो: त्याच मजुरीतून जमलेला पैसा त्या काळात आणखी कोठे कोठे गेला? कलकत्ता-मुंबईच्या बाजारात, जमिनीत, हवेल्यांत, देवळांत. देवळाला दिलेला पैसा आणि देवरीच्या शाळेला दिलेला पैसा एकाच थैलीतले असले तरी त्यांचे परिणाम वेगळे आहेत. विडी वळणाऱ्या घरातला मुलगा पदवीधर होऊन त्या कामातून बाहेर पडला, तर मालकाच्या धंद्याला एक हात कमी झाला. स्वतःच्या मजुरांची पुढची पिढी धंद्यापासून दूर नेणारी संस्था मालकाने काढावी, यात दयेपेक्षा दूरदृष्टी आहे की राजकारण आहे, यावर वाद घालता येईल, परिणामावर नाही.

पण या आक्षेपाला दुसरी धार आहे, आणि तिच्यापुढे माझा युक्तिवाद थोडा मागे घ्यावा लागतो. शिक्षणाच्या बाबतीत आमदार आणि विडीमालक यांचे हित एकमेकांच्या आड येत नव्हते. मजुरीच्या बाबतीत ते येत होते. कायदेमंडळाने विडीकडे पाहिले नाही असे नाही, पण कोणत्या डोळ्यांनी पाहिले ते पाहण्यासारखे आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडने 1948 मध्ये विडी उत्पादनाच्या नियमनाचा एक कायदा केला. त्याचा हेतू मजुराची मजुरी वाढवण्याचा नव्हता; शेतीच्या हंगामात मजूर शेतावर यावेत म्हणून ठरावीक गावांत विडी वळण्यावर बंदी घालण्याचा होता. शेतमालकाला स्वस्त मजूर हवा, विडीमालकालाही हवा, आणि दोघांचे भांडण कायद्यात उतरले. मजूर त्या भांडणात फक्त वस्तू होता. सागर जिल्ह्यातल्या आदेशाविरुद्ध दाद मागितली गेली आणि 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिंतामण राव खटल्यात ती बंदी घटनाबाह्य ठरवली. धंद्याच्या स्वातंत्र्यावरचे वाजवी बंधन कशाला म्हणायचे, यासाठी हा निकाल कायद्याच्या वर्गात आजही शिकवला जातो. घरी विडी वळणाऱ्याला कामगार मानणारा, छाटीच्या वादाला दाद देणारा, परवाना आणि कामाचे तास ठरवणारा कायदा आला तो 1966 मध्ये, आणि तो संसदेचा होता. विडीमालकांनी त्यालाही आव्हान दिले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कल्याण निधीचे कायदे 1976 चे. विडीच्या पैशावर राजकारण उभे राहिलेल्या प्रदेशात विडी कामगाराचा कायदा दिल्लीहून यावा लागला, ही त्या प्रदेशाच्या विधानसभेतील साऱ्या प्रतिनिधींच्या खात्यावरची नोंद आहे, आणि कितीही महाविद्यालये मांडली तरी ती पुसली जात नाही.

धंदा आणि प्रतिनिधित्व यांची ही गाठ किती घट्ट होती, याचा पुरावा गोंदियाच्याच दुसऱ्या विडीवाल्याने दिला आहे. चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी 1952 मध्ये भंडाऱ्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. मतदारसंघ दोन सदस्यांचा; राखीव जागेवर तुलाराम साखरे. जसाणी मुलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीत भागीदार होते, आणि ही पेढी सैन्याच्या उपाहारगृहांना सरकारमार्फत विड्या पुरवत होती. सरकारशी मालपुरवठ्याचा करार असलेल्याला उमेदवारी नाही, असे तेव्हाचे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम होते. मोरेश्वर परशराम यांनी दावा लावला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जसाणी अपात्र असल्याचा निर्णय दिला. त्याच निकालात दुसरा मुद्दा होता गंगाराम ठवरे यांचा. ते महार जातीचे, महानुभाव पंथ स्वीकारलेले. पंथात गेल्यामुळे ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे म्हणून राखीव जागेसाठी त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. पंथ बदलला तरी जातीने त्यांना सोडले नव्हते आणि त्यांनीही जातीला, असा कौल देऊन न्यायालयाने अर्ज फेटाळणे चूक ठरवले. एका जिल्ह्याच्या एका निवडणुकीत विडीचे भांडवल आणि जातीचे वास्तव दोन्ही न्यायासनापुढे उभे राहिले. भंडाऱ्याच्या राजकीय इतिहासाला याहून चांगला दस्तऐवज मिळणे कठीण.

दुसरा आक्षेप या निकालानंतरच्या पोटनिवडणुकीतच निकालात निघतो. तो आक्षेप असा की, पेढी, सट्टेदार आणि शाळा यांचे जाळे ज्याच्या हाती, त्याच्या हाती मतेही बांधलेली. मग असल्या प्रतिनिधित्वाला लोकशाही कशाला म्हणायचे? 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याच्या सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. काँग्रेसचे पूनमचंद रांका पडले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा आठ हजारांच्या आसपास मतांनी पराभव केला. बाबासाहेबांचा तो पराभव जिल्ह्याला आजही सलतो, आणि सलावा. पण मतदान कसे झाले ते पाहा: तोच मतदार एका मताने काँग्रेसच्या उमेदवाराला नाकारतो आणि दुसऱ्या मताने काँग्रेसलाच पसंती देतो, आणि आंबेडकरांच्या पारड्यात लाखाहून अधिक मते पडतात. हा बांधलेला मतदार नव्हे. त्याच्यावर जातीचा, पैशाचा, पक्षाचा दाब होता. तरी पेढीच्या चिठ्ठीवर तो डोळे मिटून शिक्का मारत नव्हता. पुढेही तसेच. मनोहरभाईंचे चिरंजीव प्रफुल्ल पटेल 1985 मध्ये गोंदियाचे नगराध्यक्ष झाले, 1991 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेत गेले. वडिलांचीच शिडी, पहिली पायरी नगरपालिकाच. त्याच मतदारसंघाने त्यांना 2004 मध्ये शिशुपाल पटले यांच्याकडून आणि 2014 मध्ये नाना पटोले यांच्याकडून पराभूत केले. संस्थांच्या जाळ्याने उमेदवाराला ओळख दिली, कार्यकर्ते दिले. विजयाची हमी दिली नाही. वारशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेबद्दल मला प्रेम नाही, सार्वजनिक अनुदानावर उभी संस्था एका घराच्या उंबऱ्यात राहू नये असेच माझे मत आहे, पण ती मते विकत घेते हा आरोप भंडाऱ्याच्या निकालांवर टिकत नाही.

परका, गुजराती माणूस हा तिसरा आक्षेप. तो भंडाऱ्यात फारसा चाललाच नाही, म्हणून थोडक्यात. गोंदियाच्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी आणि गुजराती अशा पाच बोली एका दिवसात कानावर पडतात. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोडपले, तेव्हा विदर्भात काँग्रेस टिकून राहिली. इथला वाद गुजरातीशी नव्हता, वेगळ्या विदर्भाचा होता.

चौथा आक्षेप श्रेयाचा आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. इटियाडोह धरण मनोहरभाईंनी आणले, असे भाषणांत सांगितले जाते. गाढवी नदीवरचे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळचे हे धरण 1970 मध्ये पुरे झाले. वाघ नदीच्या बाजूला पुजारीटोला, कालीसरार, सिरपूर ही धरणे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या संयुक्त प्रकल्पात आली. एवढी कामे एका आमदाराने ‘आणली’ असे म्हणणे म्हणजे अभियंते, दोन राज्यांची पाटबंधारे खाती आणि बुडीत क्षेत्रातून उठलेली गावे यांना गोष्टीतून वगळणे. आमदाराने पाठपुरावा केला, दबाव आणला, असे म्हणावे. ते खरे आहे आणि पुरेसे आहे. मला या आक्षेपात दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. भंडारा हा धरणांआधी तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने शतकानुशतके बांधलेले तलाव आणि बोड्या, नवेगाव बांधासारखे अफाट जलाशय, आणि पूर्व विदर्भात असे हजारो. मालगुजार पाण्याची वाटणी पाही, गावकरी पाळ दुरुस्त करी, निस्ताराचा, म्हणजे रोजच्या वापराचा, हक्क सर्वांचा. 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली. मालगुजाराची मालकी जाणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले, त्याबरोबर दुरुस्तीची गावची जबाबदारीही विरली, आणि सरकारने ती उचलली नाही. गाळ साचला, पाळी फुटल्या, पोटात अतिक्रमणे झाली. नवी धरणे ज्या वीस वर्षांत बांधली गेली त्याच वीस वर्षांत जुने तलाव मोडकळीला आले. पहिल्या पिढीच्या आमदारांना उद्घाटनाची पाटी दिसली. पाळीवरचे खिंडार दिसले नाही. हा दोष एकट्या मनोहरभाईंचा नाही, सबंध काळाचा आहे. पण ज्याला धरणाचे श्रेय द्यायचे त्याच्या काळाच्या खात्यावर तलावाचे देणेही मांडायला हवे.

राहिला शेवटचा आणि माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जाणारा आक्षेप: सभागृहाबाहेर कामे उभी करायची तर पैसा हवा, म्हणजे हे माप केवळ धनिक आमदारालाच लागू पडते. तसे असते तर मी ते सोडून दिले असते. पण गोंदियाच्याच कालीचरण नंदागवळी यांचे उदाहरण समोर आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कायदे मंडळात अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी सरकारने नियुक्त केले, त्यांत ते होते. निवडणूक नाही, पक्ष नाही, विडीची पेढी नाही. मंडळात मूठभर नियुक्त सदस्यांच्या आवाजाला किती वजन असणार? तरी विदर्भातल्या दलित चळवळीच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते गोंदियात मुलींसाठी काढलेल्या शाळेमुळे, आणि ती शाळा मनोहरभाईंच्या संस्थेच्या कितीतरी आधीची. माप तेच, थैली वेगळी. उलट त्या शाळेचे मोल अधिक मानावे लागेल, कारण तिच्यामागे कोणाच्या कापलेल्या मजुरीचा पैसा नव्हता. मनोहरभाईंचे पुतळे आहेत, महाविद्यालये आहेत, दरवर्षी 9 फेब्रुवारीला गुणवंत विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाची सुवर्णपदके दिली जातात. नंदागवळींचे नाव जिल्ह्यातल्या पाठ्यवाचनातही सहसा येत नाही. ही तफावत दातृत्वाच्या मापाची नाही, स्मरणाच्या अर्थकारणाची आहे.

मनोहरभाई पटेल 17 ऑगस्ट 1970 रोजी वारले. त्यांच्या नागरी कारकिर्दीवर माझा निवाडा असा: शाळा आणि नगर या दोन बाबतींत त्यांनी सभागृहातल्या पदाचा जो उपयोग केला तो त्या पिढीतल्या फार थोड्यांनी केला; मजुरीच्या बाबतीत ते आपल्या वर्गाचे प्रतिनिधी राहिले. दोन्ही विधाने एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात, आणि गौरवग्रंथ किंवा आरोपपत्र लिहिणाऱ्यांनी त्यांतले एक गाळू नये. भंडारा आणि गोंदियाच्या महाविद्यालयांत इतिहास शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या प्रबंधांसाठी विद्यार्थ्यांना विधानसभेच्या कार्यवृत्तांबरोबर नगरपालिकेची ठराव-पुस्तके, जनपद सभेची दप्तरे आणि विडी कारखान्यांच्या हजेरीवह्या चाळायला पाठवावे, आणि विडी वळलेल्या आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बायांच्या मुलाखती आत्ताच घ्याव्यात. कागद थोडे थांबतील, त्या थांबणार नाहीत.